वर एक भाकर

दोन हजार अठरा साल. मला तवा अठ्ठावन्नावं लागलेलं होतं. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं धरलं तर. आई म्हणायची, मास्तरनं मनानंच तारीख टाकली, तू त्याहून मोठा आहेस. त्या साली आमच्या मामांनी लातूरचं पेट्यांचं दुकान बंद केलं आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. टाकलं ते टाकलंच. मी मुरुडचा माणूस आहे. एकदा पाठ फिरवली की मान वळवून बघत नाही.

मामा म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत, आमचे मालक. शेठ म्हणलेलं त्यांना खपायचं नाही. शेठ म्हणलं की पोट सुटल्यावानी वाटतं म्हणायचे. अंगानं काटकुळे, हातावर पत्र्यानं कापल्याच्या रेघा, कानात कायम कापसाचा बोळा. दुकान गंजगोलाईच्या मागच्या बोळात. पुढं दुकान, मागं कारखाना. कारखाना म्हणजे वर पत्रा, खाली पत्रा, आणि मधे तो बडवणारे आम्ही चार-पाच जण. धान्याच्या कोठ्या करायचो, लग्नात पोरीला द्यायच्या पेट्या करायचो, आणि उन्हाळा सरत आला की शिकायला येणाऱ्या पोरांच्या पेट्या. लातूरला शिकायला सगळ्या मुलखातून पोरं येतात. त्यांना होस्टेलात कुलपाची पेटी लागायची. त्या दिवसांत आमच्या बोळातून माणसं कानात बोटं घालून जायची.

मामा मूळचे हिमायतनगरकडचे. बोलणं तिकडचं. "काय करून राहिला रे?" असं विचारायचे. आम्ही त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचो, ते आमच्या तोंडावर आमची करायचे. आम्हाला आमच्या नावानं हाक कधी मारली नाही, गावाच्या नावानं मारायचे. मी मुरुड. वैजनाथ लोह्याचा, तो लोहा. रंगकाम करणारा दस्तगीर, तो उदगीर. एकदा मी म्हणलं, मामा, आईबापानं नाव ठेवलंय की. तर म्हणाले, "नावानं हाक मारली तर तू एकटाच चुकतो. गावानं मारली की गाव चुकतं. जरा सांभाळून ठोकशील." आणि खरंच, "ए मुरुड, हा कोपरा वाकडा कुणाचा?" असं सगळ्यांसमोर आलं की मान खाली जायची.

दुकानात खुर्ची एकच, ती गिऱ्हाइकाची. मामा पालथ्या डब्यावर बसायचे. तयार झालेली पेटी समोर घ्यायचे, कानातला कापूस काढायचे आणि बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवून बघायचे. डाक्टर पाठीला नळी लावतो तसा कान लावायचे. खुळखुळ आली तर म्हणायचे, "ही बडबडती. हिला गप करून आण." गप होईपर्यंत पेटी विकायची नाही. गिऱ्हाईक तिथंच बसलेलं असलं, गाडी चुकून राहिली असली, तरी नाही.

भाव एकच. कुणी घासाघीस केली की मामा आतल्या दाराचा पडदा बाजूला सरकवायचे, आम्ही सगळे दिसू असं करायचे, आणि त्याला म्हणायचे, "कमी करतो की. फक्त सांगा, ह्यातल्या कुणाच्या ताटातलं काढू?" माणूस ओशाळायचा, गपगुमान पैसे ठेवायचा. पण एकदा आला एक बिलंदर. पोराला अकरावीला घालायला आलेला. त्यानं आम्हाला निवांत न्याहाळलं आणि बोट केलं ते माझ्याकडं. "ह्याच्यातलं काढा," म्हणाला. "ह्याला कमी खाल्लेलं मानवंल."

मी तवा जरा भरलेला होतो. सगळा कारखाना हसला. दस्तगीरचा ब्रश हातातून पडला. मामा हसले नाहीत. सांगितलं तसं त्यांनी भाव कमी केला, पेटी रिक्षात चढवून दिली. आणि दुपारी जेवायला बसलो तर स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, तुझ्या ताटातलं गेलंय आज, भरून घे. मी म्हणलं, मामा, चेष्टेची गोष्ट ती. तर म्हणाले, ताटाची चेष्टा नसती. डबा माझ्यापुढं ठेवून बोळातल्या नळावर पाणी पिऊन आले आणि कामाला लागले.

अशा माणसाजवळ मी जन्म काढला. आता त्यांच्या पगाराची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पगार हा शब्द ते वापरायचे नाहीत. "चूल" म्हणायचे. तुझी चूल किती, ह्या वर्साला चूल वाढवायची का, असं. आणि ती ठरवायची कशी? तर गुढीपाडवा झाला की कुणालाही न सांगता, एकेका सकाळी एकेकाच्या घरी जायचं. उजाडतानाच सायकल दारात उभी. आत यायचे नाहीत, उंबऱ्यावर बसायचे. घरातली बाई लगबगीनं चहा टाकायला निघाली की थांबवायचे आणि म्हणायचे, "बाई, रातचं काय उरलंय?"

शिळी भाकर मागायचे. असली तर चटणी-तेलासंगं शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे, तांब्याभर पाणी प्यायचे, "बराबर हाय" म्हणायचे, निघायचे. नसली तरी "बराबर हाय" म्हणायचे आणि निघायचे. तोंडावरून काही कळायचं नाही. कळायचं ते महिना भरल्यावर. ज्याच्या घरी भाकर उरली नव्हती, त्याची चूल वाढलेली असायची.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. राबणाऱ्याला द्यायचं ते पोटभर आणि वर एक भाकर. मी कामाला लागलो तवा पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, "पोटभर तर बैलालाबी देतात. वरची एक भाकर माणसाची." ती एक भाकर उरली की पाहुणा आला तर तोंड लपवावं लागत नाही, ताप आला तर दुसऱ्या दिवशी निजून राहता येतं, दारातलं कुत्रं उपाशी जात नाही. ती नसली की माणूस रात्रभर जागाच असतो, नुसता डोळे मिटून पडलेला. असं ते म्हणायचे.

माझं ह्यावरून त्यांच्याशी वाजलंही होतं. हात माझा सगळ्यात चांगला. कोठीचं झाकण मी बसवलं तर मुंगी आत जायची नाही. पण चूल जास्त दस्तगीरची, कारण त्याला चार पोरी. मी म्हणलं, हा कुठला न्याव? कामाला किंमत आहे का नाही? मामा म्हणाले, "जास्त कशाला पाहिजे तुला? हाताला का पोटाला?" मी म्हणलं, मानाला. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाला पेटीबद्दल काही विचारायचं असलं की मामा सांगायचे, मला कळत न्हाई, आत मुरुड बसलेत, त्यांना विचारा. अहोजाहो करून. गिऱ्हाइकाला वाटायचं मालक मीच. पैसा वाढला नाही, पण मी काय म्हणणार पुढं?

वैजनाथनं ह्या रीतीला फसवायचंही करून बघितलं. पाडव्यानंतर रोज रात्री उरलेल्या भाकरी दारातल्या कुत्र्याला घालायचा. मामा आले, बसले, विचारलं. वैजनाथची बायको म्हणाली, काहीच उरलं न्हाई. मामांनी कुत्र्याकडं बघितलं. ते आपलं पाय वर करून, पोट फुगवून पडलेलं. "हे मात्र झकास जेवलंय," म्हणाले आणि उठले. आम्ही म्हणलं, गेली वैजनाथची चूल. तर महिना भरल्यावर त्याची वाढलेली. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, भाकरीपायी माणसाला खोटं करावं लागून राहिलं, म्हणजे कमीच पडून राहिलं ना?"

आमच्या घरचं उलटं. आमच्या घरी मामा कधी रिकाम्या हाती उठले नाहीत. आमची ही रात्री सगळ्यांना वाढायची, मग दुरडीत फडक्याखाली एक भाकर बाजूला ठेवायची, आणि मग राहिलेलं घेऊन स्वतः बसायची. कधी अर्धी घेऊन बसायची, कधी आमटीवरच भागवायची. पाडवा असो नसो, रोज. वैजनाथ म्हणायचा, वहिनीमुळं तुझी चूल वाढत न्हाई, येडे हाव तुम्ही दोघंबी. म्हणू दे. दारात बसून कुणी भाकर मागितली आणि घरातली बाई न्हाई म्हणाली, तर त्या घराला घर कशाला म्हणायचं? तिनं केलं ते मला तवाही पटत होतं, आजही पटतं.

एकदा बाजारातल्या लहान दुकानदारांनी बैठक बोलावली. सरकारनं ठरवून दिलेला पगार द्या म्हणून कचेरीतून माणूस येऊन गेला होता. मामांनी मलाही संगं नेलं. एकेक जण उठून बोलायचा. भाडं सांगायचा, लाईटबिल सांगायचा, मोठ्या कंपन्यांना लावा म्हणायचा, आमच्यासारख्या चिल्लर दुकानाला हे कसं झेपंल म्हणायचा. खोटं कुणी बोलत नव्हतं. मी त्यांची दुकानं बघितलेली आहेत, काहींच्या घरी त्यांच्या कामगारापेक्षा बरं काही शिजत नव्हतं.

मामा उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. कानातला कापूस काढला, जणू पेटीच वाजवायची आहे. म्हणाले, "दुकान ल्हान हाय म्हणून माणसाचं पोट ल्हान होत न्हाई."

आमच्या समोरचा कपाटवाला होता, मामांचा दोस्तच. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "मामा, कबूल. पण दुकानच बंद पडलं, तर ते पोट घेऊन माणूस जाणार कुठं? तुमच्या घरी?"

सगळे हसले. मामांनी कापूस परत कानात घातला आणि खाली बसले. येताना बोळाच्या तोंडाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "त्याचं बी बराबर हाय."

त्याचं खरं होत गेलं. पोरं चाकाच्या बॅगा घेऊन यायला लागली. होस्टेलवाल्यांनी खोल्यांत लोखंडी कपाटं बसवली. लग्नात पेटी कुणी देईना. कोठ्या प्लास्टिकच्या आल्या, हलक्या, रंगीत, उंदरानं कुरतडल्या तरी लोकांना त्याच पाहिजेत. मामांनी मामीचं होतं नव्हतं ते मोडलं असं नंतर ऐकलं. आमची चूल मात्र महिन्याच्या महिन्याला. काम नसलं तरी. आम्ही जुन्या पेट्यांना कड्या बदलत बसायचो, म्हणजे हात हलते राहावेत.

शेवटी आम्हीच बसून ठरवलं. वैजनाथ, दस्तगीर, मी, सगळे. पगार कमी घ्यायचा, पण दुकान चालू ठेवायचं. ह्या वयात दुसरं काम कोण देतो? सांगायचं माझ्याकडं आलं.

मामा डब्यावर बसलेले होते. मी सांगितलं. ते न्हाई म्हणाले. मी परत सांगितलं. परत न्हाई. मग मला राग आला. मी म्हणलं, "मामा, ताट माझं, पोट माझं. मी कमी खातो म्हणतो, तुम्ही कोण न्हाई म्हणणार?"

"देणारा मी हाय. कमी देऊन मला झोप लागत न्हाई."

"तुमच्या झोपंपायी आमची कामं घालवता का?"

त्यावर त्यांनी खालचे पत्र्याचे तुकडे पायानं एका बाजूला केले. मग म्हणाले, चांगलं हाय, कमी घेऊन बघा. दिवाळीनंतर मी येतो. तुझ्याच घरी येतो, मुरुड. तुझ्या घरी आजवर भाकर उरलीच हाय. कमी घेऊनबी उरली तर दुकान ठेवतो. न्हाई उरली तर बंद.

म्हणजे आता सगळ्यांचं काम आमच्या दुरडीतल्या भाकरीवर आलं. मी हिला सांगितलं. हिनं पदर खोचून पिठाच्या डब्यात बघितलं.

दिवाळी झाली. ही रोज भाकर ठेवायची. आता ती ठेवणं सोपं नव्हतं. तिच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या होत्या, पण दुरडी रिकामी नव्हती. आणि नेमकं एका संध्याकाळी पोरगी आणि जावई आले. मुक्कामाचे पाहुणे, संगं नातू. पीठ संपत आलेलं. जावयानं भाकर मागितली आणि हिनं दुरडीतली काढून वाढली. काढणार नाही तर काय करणार?

आणि सकाळी मामांच्या सायकलचा आवाज.

आमच्या न्हाणीच्या मागून शेजारणीकडं जायला वाट आहे. ही तिकडून गेली आणि तिची शिळी भाकर पदराखाली घेऊन आली. मामा उंबऱ्यावर बसेपर्यंत भाकर आमच्या ताटलीत होती.

"बाई, रातचं काय उरलंय?"

हिनं ताटली पुढं ठेवली. मामांनी भाकर हातात घेतली. मोडली नाही. उलटी केली. हिची भाकर पातळ असायची, काठ गोल, मधे बोटांचे ठसे एका ओळीत. वर्षानुवर्षं खाल्लेली त्यांनी. ताटलीतली जाड, काठाला चिरलेली, एका अंगाला करपलेली. मामांनी बघितलं.

"बाई, हात बदलला का तुमचा?"

ही खाली बघायला लागली. ही काही बोलायच्या आत मीच म्हणलं, "तिचीच हाय. खावा."

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. भाकर मोडली आणि खायला लागले. सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत, करपलेलाही सोडला नाही. पाणी पिले. आत नातू उठून रडत होता, त्याच्याकडं वाकून बघितलं. "बराबर हाय," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली.

मी मनात म्हणलं, झालं. राहिलं दुकान.

कामावर गेलो तर त्यांनी सगळ्यांना पुढं बोलावलेलं होतं. प्रत्येकाची हातोडी, कात्री ज्याची त्याच्या हातात दिली. ज्यानं जी पेटी केलेली, ती त्याला घेऊन जायला सांगितली. कुणाच्या घरी काय खाल्लं, काय बघितलं, एक अक्षर नाही. माझ्या अब्रूला त्यांनी हात लावला नाही, एवढं मी कबूल करतो. नुसतं म्हणाले की दुकान आजपासून बंद, आणि तुम्हाला पोटभर देऊ शकत न्हाई तर तुमच्या कामाचं खाणारा मी कोण.

दस्तगीर रडला. वैजनाथ म्हणाला, मामा, अर्धपोटी तर अर्धपोटी, असू द्या की. मामांनी मान हलवली. माझ्या हातात दिलेली हातोडी मी तिथंच खाली ठेवली. पेटी तेवढी डोक्यावर घेतली आणि निघालो, तो त्या बोळात परत पाय ठेवला नाही.

मला राग होता आणि तो रास्त होता असं मला अजून वाटतं. माझी भाकर किती असावी हे दुसऱ्यानं का ठरवावं? त्यात दया असली तरी का? कमी घ्यायची तयारी माझी होती. तो माझा अधिकार होता. त्यांनी तो माझ्या दारात बसून, माझंच खाऊन, काढून घेतला.

पुढं मी एका होस्टेलला वॉचमन लागलो. मालक तरणा आहे, वाईट नाही. पगार विचारला तवा म्हणाला, काका, आपला ल्हान धंदा हाय, एवढंच झेपतं, पटलं तर बघा. मी पटवून घेतलं. मामांनी शेवटी कमी केलेली चूलही ह्याच्याहून बरी होती. इथं मला कुणी विचारत नाही घरी काय शिजतं. आधी वाटलं, बरं झालं, कटकट नाही. मग कोरोना आला, होस्टेल रिकामं झालं, आणि मालकानं फोनवरच सांगितलं की पोरं येईपर्यंत येऊ नका. त्याचंही बराबर असंल. त्या दिवसांत हिची दुरडी पहिल्यांदा पालथी पडली. ती तिनं सरळ केली, पण त्यात ठेवायला काही नव्हतं. तवा मला पाडव्यानंतरच्या सकाळी आठवायच्या, आणि राग यायचा, आणि राग नेमका कुणाचा येतोय ते कळायचं नाही.

मामा घरासमोरच बसून बादल्यांना बुडं बसवायचे. एकटे. मी सायकलवरून जायचो, ते मान वर करायचे, मी सरळ बघायचो. वैजनाथ कधी भेटला की सांगायचा, मामा तुझं विचारत होते. काय विचारत होते? तर म्हणे, मुरुडच्या घरी शिळं उरतं का?

मी म्हणायचो, सांग, उरतं म्हणून.

गेल्या थंडीत मामा गेले. पहाटे गेले, झोपेतच. वैजनाथचा फोन आला तवा मी ड्युटीवर होतो; पोरं परत आली तसं मालकानं मला बोलावून घेतलेलं. मालकाला सांगून निघालो. मातीला गेलो, खांदा दिला. पुष्कळ माणसं होती. कपाटवाला तर लहान पोरासारखा रडत होता.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरेधायरे, शेजारी आपापल्या घरून पिठलं-भाकर घेऊन येतात. कडू भाकर म्हणतात तिला. मामांना सोयरे थोडेच. एक पोरगी, ती नांदेडहून आलेली. आम्ही आपसात ठरवलं नाही की बोललो नाही, पण संध्याकाळी बघतो तर सगळेच आलेले. वैजनाथची बायको टोपलं घेऊन. दस्तगीरच्या दोन पोरी सासरहून आलेल्या, आईनं थापलेल्या भाकरी फडक्यात बांधून. कपाटवाल्याची सून. आमच्या हिनंही त्या दिवशी डबा खरवडून पीठ काढलं आणि होत्या तेवढ्या भाकरी केल्या, पातळ, गोल. घरात आमच्यासाठी मागं काय राहिलं ते मी विचारलं नाही. मामीनं सगळ्यांच्या भाकरी घेतल्या आणि एकावर एक रचल्या. खाणारी तोंडं थोडी. सगळ्यांनी एकेक घास मोडला आणि उठले.

मी घरी आलो. निजलो. झोप लागली नाही, डोळे मिटून पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सायकल काढली. ही म्हणाली, एवढ्या लवकर कुठं? मामांच्या दारात सायकल लावली. कोपऱ्यात दिवा होता, ते गेले त्या जागी पाऊल उमटतं का बघायला पीठ पसरून ठेवलेलं. ओसरीवर बादल्या तशाच, एकीचं बूड बसवायचं राहिलेलं. मी आत गेलो नाही. उंबऱ्यावर बसलो.

मामी बाहेर आल्या. चहा ठेवते म्हणाल्या. मी न्हाई म्हणलं.

"मामी, रातचं काय उरलंय?"

मामी दाराला धरून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या माणसानं दुसऱ्यांच्याच दारात म्हणलेलं. त्यांच्या दारात येऊन कुणी म्हणलं नव्हतं. आमच्यातल्या कुणीही नाही.

"आज हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

ताटलीत भाकर आणि चटणी घेऊन आल्या, तेल स्वतः सोडलं. मी भाकर हातात घेतली. कुणाच्या हातची आहे ते बघायला उलटी केली नाही. बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, तांब्याभर पाणी पिलो, "बराबर हाय" म्हणलं, आणि कामावर गेलो.